जुन्या ट्रकचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल : बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनमध्ये राहतो आणि २००४ सालचा शेव्हरले सिल्व्हराडो १५०० हा पिकअप ट्रक वापरतो. मोठा पाऊस झाल्यापासून केबिनमधला छताचा दिवा आपोआप लागतो, कोणी हात न लावता दारांची कुलुपे उघडमीट करतात आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी पूर्ण उतरते. इंजिन काही वेळा सुरू होऊन लगेच बंद पडले. त्या वेळी डॅशबोर्डवर सिक्युरिटीचा दिवा लुकलुकत होता. गॅरेजवाल्यांच्या मते बॉडी कंट्रोल मॉड्यूल खराब झाले आहे. तसलेच जुने मॉड्यूल जंकयार्डमध्ये स्वस्तात मिळते आहे. ते आणून घरीच बसवावे का?

उत्तर : एवढ्यात आणू नका. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे दिवे-कुलुपे वगैरे सांभाळणाऱ्या संगणक-पेटीच्या (बीसीएमच्या) कारभारात मोडतात हे खरे. पण कारभार ज्याचा, दोषही त्याचाच, असे या गाड्यांमध्ये फार वेळा ठरत नाही. बीसीएमला चुकीची माहिती मिळाली, कमी दाबाची वीज मिळाली किंवा त्याचे अर्थिंग सैल झाले, तरी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात, आणि मग नवे मॉड्यूल बसवूनही पुढच्या पावसात तक्रार जशीच्या तशी परत येते. बीसीएम हा भाग शेवटी बदलायचा असतो, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या ट्रकमध्ये बीसीएम चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ बसवलेले असते. केबिनमधले दिवे, दारांची कुलुपे, आपोआप लागणारे हेडलाइट, किल्ली काढल्यावर काही मिनिटे रेडिओ व काचांना मिळणारी वीज आणि पासलॉक ही चोरीविरोधी यंत्रणा, एवढे त्याचे काम. इंजिन चालवणारे संगणक-मॉड्यूल वेगळे असते. या दोघांमधला संवाद ‘क्लास २’ नावाच्या एकाच तारेवरून, सेकंदाला १०.४ किलोबिट इतक्या संथ गतीने चालतो. किल्ली फिरवताच कुलपाजवळच्या सेन्सरकडून ठरावीक संकेत येतो, बीसीएम तो तपासते आणि बरोबर असल्यास इंजिनच्या मॉड्यूलला परवलीचा संदेश पाठवते. तो संदेश पोहोचला नाही की इंधन तोडले जाते. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते ते यामुळेच. म्हणजे त्या प्रसंगी दोष चार ठिकाणी असू शकतो : कुलपाचा सेन्सर, त्याच्या तारा, बीसीएम किंवा क्लास २ ची तार. गॅरेजमध्ये या चारांपैकी कोणती गोष्ट मोजून पाहिली, हे त्यांना अवश्य विचारा. साध्या स्कॅनरवर बहुधा फक्त इंजिनच्या बिघाडांचे कोड दिसतात. बीसीएमशी बोलण्यासाठी जनरल मोटर्सचे टेक-२ किंवा त्या तोडीचे यंत्र लागते. पी१६२६ किंवा पी१६३१ हे कोड निघाले तर ते चोरीविरोधी यंत्रणेकडे बोट दाखवतात, आणि यू१०६४ निघाला तर बीसीएमशी संपर्क तुटला होता एवढेच कळते. तो का तुटला हे कोड सांगत नाही.

पावसाचा उल्लेख तुम्ही केला आहे आणि माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. या पिढीच्या सिल्व्हराडोमध्ये केबिनच्या मागच्या बाजूला वर असलेल्या तिसऱ्या ब्रेकलाइटचे गॅस्केट वाळते आणि तिथून पाणी छताच्या अस्तरात उतरते. समोरच्या काचेची वरची कड सुटली तर पाणी खांबाच्या आतून खाली येऊन डॅशबोर्डखालच्या जोडण्यांवर टपकते. म्हणून आधी चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून पाहा. तो ओला असेल तर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळूहळू, खालून वर पाणी सोडावे. गळतीची जागा अशीच नेमकी सापडते. त्यानंतर बॅटरीची ऋण तार काढून बीसीएमचे कनेक्टर एकेक करून उघडा. पिना चकचकीत असायला हव्यात. त्यांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, एखादी पीन काळवंडलेली असली किंवा कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर पाणी वाळल्याचे वळ असले, तर त्रासाचे मूळ बरेचसे हाती लागले असे समजा. अशा पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ कराव्यात. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याने वरचा मुलामा निघून जातो आणि गंज लवकर परततो. इथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे : स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे असतात. बॅटरी काढल्यानंतर काही मिनिटे थांबल्याशिवाय त्या भागात हात घालू नका आणि पिवळ्या तारांवर मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नका.

छताचा दिवा आणि कुलुपे यांच्यासाठी दाराकडेही पाहायला हवे. दार उघडे की बंद हे सांगणारा स्विच या ट्रकमध्ये दाराच्या लॅचच्या आतच असतो. त्यात धूळ आणि ओल साचली की बंद दारही बीसीएमला उघडे वाटते, ते जागेच राहते, दिवा लावते आणि बॅटरी रिकामी करते. लॅचमध्ये स्प्रे मारून तो काही वेळा उघडझाप करून पाहा. दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी मागे सरकवून आतल्या ताराही तपासा. वीस वर्षे दार उघडून-मिटून तिथल्या तारा आवरणाच्या आतच तुटतात आणि वरून शाबूत दिसतात. बोटांनी हलकेच ताणले तर तुटलेली तार रबरासारखी लांबते.

आता बॅटरी. गाडी नीट शांत झाल्यावर उभ्या अवस्थेत साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह खर्च व्हायला हवा. त्या दराने दोन दिवसांत जेमतेम २.४ अँपिअर-तास जातात. ६०-७० अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत पार उतरते, याचा अर्थ एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवाह सतत वाहतो आहे. अर्थात बॅटरी मुळात धडधाकट असेल तर, म्हणून आधी तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या. प्रवाह मोजताना चालकाचे दार उघडे ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, मीटर ऋण तारेच्या मध्ये जोडा आणि किमान अर्धा तास थांबा. मग एकेक फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की मॉड्यूल पुन्हा जागे होतात आणि मोजमाप बिघडते. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोके त्यांवर टेकवा. ज्या फ्यूजवर शून्याहून वेगळा आकडा दिसेल, त्या वाटेने वीज जाते आहे.

बीसीएमला वीज व अर्थिंग नीट मिळते का, हे नुसत्या मल्टिमीटरने ठरवू नये. तारेचा एकच तंतू शिल्लक असला तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मोजताना त्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. बॅटरीच्या धन तारेपासून बीसीएमच्या कनेक्टरमधल्या अर्थपर्यंत हेडलाइटसारखा छोटा बल्ब लावा आणि तो पेटलेला असताना अर्थच्या वाटेवर किती व्होल्टेज पडते ते मोजा. ते ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगचा सांधा उघडून साफ करा. नंतर बसवलेला रेडिओ, रिमोट स्टार्ट किंवा अलार्म असेल तर त्याच्या जोडण्या काही दिवस पूर्ण सोडवून पाहा. चुकीच्या ठिकाणी टोचलेली एक तार क्लास २ चा सगळा संवाद पाडू शकते.

एवढे सगळे निर्दोष निघाले आणि मॉड्यूल उघडल्यावर सर्किट बोर्डावरच गंज किंवा करपलेला भाग दिसला, तरच ते बदलावे. त्यातही माझी पहिली पसंती तुमचेच मॉड्यूल दुरुस्तीला पाठवण्याला राहील. ते दुरुस्त होऊन परत आले की त्यातली गाडीची माहिती बहुधा जशीच्या तशी असते आणि पुढची बरीच यातायात वाचते. जंकयार्डचा भाग घ्यायचाच असेल तर लेबलवरचा भाग क्रमांक अंकन् अंक जुळला पाहिजे. २००३ मध्ये या ट्रकची विद्युत रचना मोठ्या प्रमाणावर बदलली, त्यामुळे १९९९ ते २००२ या काळातल्या गाडीचे मॉड्यूल दिसायला सारखे असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही.

बसवणे म्हणजे काही बोल्ट आणि कनेक्टर. ते घरी करता येईल. खरे काम त्यानंतर असते. गाडीचा चासिस क्रमांक आणि तिच्यात कोणकोणत्या सोयी आहेत ही माहिती टेक-२ ने मॉड्यूलमध्ये भरावी लागते. या सोयींचे सांकेतिक कोड ग्लोव्ह बॉक्समधल्या चिकटपट्टीवर छापलेले असतात. हे डीलरकडून किंवा ते यंत्र असलेल्या स्वतंत्र गॅरेजकडून करून घ्या आणि त्याचे पैसे आधीच विचारून ठेवा, कारण स्वस्त मॉड्यूलचा फायदा पुष्कळदा इथेच संपतो. नंतर पासलॉकला नवी ओळख शिकवावी लागते. किल्ली स्टार्टपर्यंत नेऊन सोडायची, इंजिन सुरू होणार नाही किंवा होऊन बंद पडेल, आणि किल्ली ऑनवर तशीच ठेवायची. सुमारे दहा मिनिटांनी सिक्युरिटीचा दिवा विझतो. मग किल्ली बंद करून अर्धा मिनिट थांबायचे आणि हाच क्रम आणखी दोनदा करायचा. या अर्ध्या तासात बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावलेला असावा. मात्र ही कृती दोषी सेन्सरवरचा इलाज नव्हे. कुलपाजवळचा सेन्सर झिजलेला असेल, तर आज शिकवलेला संकेत तो उद्या पुन्हा वेगळा पाठवेल आणि तुम्ही पार्किंगमध्ये अडकून पडाल.

प्रश्न : आमचा सांगलीजवळ बीएस-४ (भारत स्टेज-४ या प्रदूषण मानकाचा) मालट्रक आहे. फाळक्याच्या बिजागरीला वेल्डिंग केल्यापासून इंडिकेटर आणि वायपर विचित्र वागतात. वेल्डिंगमुळे मॉड्यूल जाते का?

उत्तर : जाऊ शकते. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकवर कुठेही अर्थ लावून वेल्डिंग केले तरी चालून जाई आणि ती सवय अजून सुटलेली नाही. पण एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मालट्रकवर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहेत. वेल्डिंगचा प्रवाह चासिसमधून वाट शोधताना या मॉड्यूलांच्या अर्थमधून गेला तर आतले भाग जळतात. तुमच्या बाबतीत मात्र आधी वेल्डिंगच्या जागेजवळून जाणारी वायरिंग उष्णतेने वितळली आहे का, वेल्डिंगनंतर चासिसवरचा एखादा अर्थचा बोल्ट सैल राहिला आहे का आणि फ्यूज शाबूत आहेत का, हे पाहा. ते सारे ठीक निघाले तरच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मॉड्यूल तपासून घ्या. पुढच्या वेळी वेल्डिंगपूर्वी दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा सोडवा, मॉड्यूलांचे कनेक्टर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेपासून हातभर अंतराच्या आत, रंग खरवडलेल्या लोखंडावर लावायला सांगा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धतही २४ व्होल्टच्या या गाड्यांवर बंद करायला हवी, कारण तार सुटताच व्होल्टेज क्षणात अनेक पटींनी उसळते आणि तेही मॉड्यूल मारण्यास पुरेसे असते.