‘सर, त्याने सगळं कबूल केलंय’

चि.,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवून शतपावली घालत होतो. ‘सर, विधी सेवाकडून पहिली सेशन केस मिळाली, आणि अशिलाने सगळं कबूल केलंय. स्वतः ठाण्यात चालत जाऊन.’ एवढं बोलून तू गप्प झालीस. आवाजावरून वाटलं की निम्मी केस तू मनातून सोडूनही दिलीस. फोनवर कलमं सांगितली की तू नुसतं ‘हो सर, हो सर’ करतेस, हे मला सहा महिन्यांत कळलंय. म्हणून लिहायला बसलो.

‘कबूल केलंय’ हे वाक्य वकिलासाठी अर्धवटच. कोणापाशी केलं, हे आधी सांग.

तुझ्या अशिलाने ते ठाणे अंमलदारापाशी केलं. फिर्यादही त्याचीच, आरोपीही तोच, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. तुला हा ठसा म्हणजे भिंत वाटतेय. मला तो दरवाजा दिसतो. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २३ आहे. जुना आकडा माझ्या तोंडातून अजून जात नाही, तू मात्र अर्जात नवाच घाल.

आता ‘अघ्नू नागेसिया विरुद्ध बिहार राज्य’ काढून वाच, एआयआर या निकालसंग्रहात, १९६६, सर्वोच्च न्यायालय. हेडनोट, म्हणजे वरचा सारांश नको, पूर्ण निकाल वाच. त्या माणसाने चार खून केल्याची फिर्याद स्वतःच ठाण्यात जाऊन दिली होती. सरकार पक्षाचं म्हणणं असं की प्रत्यक्ष वार केल्याचं वाक्य तेवढं वगळा, पण भांडण कशावरून होतं, तो तिथे कसा गेला, हे तरी वाचू द्या. न्यायालयाने ते मानलं नाही. कबुलीजबाब म्हणजे फक्त ‘मी मारलं’ हे वाक्य नव्हे. त्याच्या आगेमागे गुन्ह्याशी जोडलेलं जे जे त्याच्या अंगाशी येतं, ते सगळं त्यात धरायचं. फिर्याद देणारा हाच इसम होता एवढी ओळख उरली, आणि वस्तू काढून देण्यापुरता भाग उरला. तेवढ्यावर शिक्षा टिकली नाही, तो सुटला.

तर तुझी खरी लढाई अंगठ्याशी नाहीच. ती दुसऱ्या दिवशीच्या मेमोरंडम पंचनाम्याशी आहे, म्हणजे आरोपीचं निवेदन पंचांसमक्ष लिहून घेतात त्या कागदाशी. तू म्हणालीस, कोयता कडब्याच्या गंजीतून काढून दिला. इथे कायद्याने पोलिसांना एक फट ठेवली आहे. जुनं कलम २७, आता २३ चंच परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद. ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही उघडकीला आलं, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाच्या, कोटय्या निकालातलं उदाहरण सगळे वकील सांगतात, पण लावताना विसरतात. ‘सुरा मी घराच्या छपरात लपवलाय’ हे चालेल, ‘ज्याने मी अमक्याला भोसकलं’ हे त्याला जोडलेलं शेपूट चालणार नाही. तुझ्या पंचनाम्यातही ते शेपूट असणारच. कागदावर पुराव्याची निशाणी पडण्याआधी हरकत घे, आणि ती नोंदवली गेली का ते बघ.

पंचनामा हातात आला की आधी त्याची भाषा वाच. ‘मी स्वखुशीने निवेदन करतो की, सदर गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी लपवून ठेवले असून ते मी आपणांस व पंचांस काढून देण्यास तयार आहे.’ चाळीस वर्षांत मी एकही माणूस असं बोलताना ऐकला नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात तांड्यावरचे एक म्हातारबाबा आरोपी होते. घरात, बाजारात, देवापुढे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीच बोलायचे. त्यांचं मेमोरंडम मात्र मामलेदाराला शोभेल अशा मराठीत. उलटतपासात मी पंचाला विचारलं, ‘आरोपी कोणत्या भाषेत बोलला?’ तो म्हणाला, ‘मराठीत, अगदी स्वच्छ.’ पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, तो मी गिळला आणि खाली बसलो. माझे सीनियर कोटाची बाही ओढत होते, त्यांना वाटलं मी घाबरलो. पुढे आरोपीचा जबाब घ्यायची वेळ आली. न्यायाधीश साहेब एकेक प्रश्न विचारत होते आणि बाबा प्रत्येक वेळी मान वळवून मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघत होते, हे काय म्हणतायत म्हणून. तिसऱ्या प्रश्नाला साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि दुभाषी बोलवा म्हणाले. निकालात त्या मेमोरंडमला एकच परिच्छेद मिळाला, तोही आमच्या बाजूचा. पंचाला मी आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्याने सारवासारव केली असती.

वेळाही ताडून बघ. ठाण्याच्या डायरीत पोलीस त्या गंजीकडे कधी गेले, मेमोरंडम किती वाजता लिहिलं. कोयता त्यांना आधीच दिसला असेल तर तो नंतर ‘उघडकीला’ कसा येईल?

पोलिसाबाहेरच्या माणसापाशी केलेली कबुली ही वेगळी गोष्ट, आणि तिची भीती बाळगायला हवी. नानावटी खटला तुला सिनेमावाल्यांमुळे माहीत असेल, पण निकालातला पहारेकरी वाच. १९५९, नेपियन सी रोड. गोळ्या झाडून नौदलाचा तो अधिकारी बाहेर पडला, तेव्हा पहारेकऱ्याला त्याने आपण मारलं आणि का मारलं ते सांगितलं. हेच शब्द पोलीस अधिकाऱ्याला सांगितले असते तर कलम आडवं आलं असतं, पहारेकऱ्याच्या तोंडून मात्र ते पुराव्यात आले. ऐकायला कोणी लागतंच असंही नाही. साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सासरा सकाळी घरातून निघताना सुनेला संपवल्याचं स्वतःशीच पुटपुटत होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हीदेखील कबुली. मात्र पुटपुटणं म्हणजे अर्धंमुर्धं ऐकलेलं, म्हणून नेमके शब्द काय होते ते भक्कमपणे शाबीत व्हायला हवं, असंही बजावलं.

तेव्हा तुझ्या दोषारोपपत्रात असा साक्षीदार शोध. सरपंच, मेहुणा, चहावाला. सापडला तर स्वतःला विचार, हा माणूस याच्याकडेच का जाईल? दोघांची उठबस होती का? त्याने जबाब दिला तो दुसऱ्या दिवशी की महिन्याने? पोलीस पाटील असेल तर मला लगेच कळव. त्याला पोलीस अधिकारी धरायचं का, यावर आपल्याकडे पुष्कळ भांडण झालंय.

तू ओघात म्हणालीस की अशिलाने भावजयीला ‘वहिनी, माझं चुकलं’ असा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवलाय. त्याने इतकं बिचकू नकोस. आपल्याकडे माणूस भांडण मिटवायलाही ‘चुकलं’ म्हणतो आणि उशिरा पोचल्यावरही म्हणतो. गुन्हा, किंवा गुन्हा ठरवणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी मान्य केल्या तरच तो कबुलीजबाब, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्येच पकाला नारायण स्वामी खटल्यात सांगितलंय. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, आणि तुझा अशील अंगठेबहाद्दर असेल तर तो निरोप टाइप कोणी केला?

दिवाणीत हा विषय पार वेगळा वागतो, ते कधीतरी निवांत बोलू. एवढंच ध्यानात ठेव की तिथे मेलेल्या माणसाचं लिहिणंसुद्धा त्याच्या स्वतःच्या तोट्याचं असेल तर कलम २६ खाली येतं. जमिनीचा खंड (भाडं) पोचल्याचं मालकाच्या मयत कारभाऱ्याने लिहिलेलं पत्र, हे कायद्यातलंच उदाहरण. पैसे मिळाले नसताना ‘मिळाले’ असं फुकट कोण लिहील, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे.

उद्या आधी जेलमध्ये जा. ‘मारलंस का’ हे विचारू नकोस. त्या रात्री ठाण्यात कोण होतं, कागद वाचून दाखवला का, अंगठा किती ठिकाणी घेतला आणि कागद कोरे होते की लिहिलेले, एवढं विचार. मग फिर्यादीची नक्कल मला पाठव. फोटो काढशील तर शेवटचं पान ठशासकट नीट दिसेल असा काढ. अंमलदाराची सही ठशाच्या वर आहे की खाली, ते मला बघायचंय.

तुझे,
सर