पिशवीत माल कमी भरला, तर तक्रार नेमकी कुठे?

किलोच्या पिशवीत पीठ कमी निघालं, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केलात, कलेक्टर कचेरीत गेलात आणि दोन्हीकडून तुम्हाला दुसरीकडे पाठवलं. मग ग्राहकाचा वाली कोण, हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

किलो म्हणजे किती, हे ठरवणं राज्यघटनेनं केंद्राच्या सूचीत ठेवलंय. वजनमापाचा बाकी विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. म्हणून २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा, म्हणजे वजनमापांचा कायदा, संसदेचा, पण दुकानात येणारा निरीक्षक राज्याचा. मी अशीच तक्रार केली तेव्हा निरीक्षक प्रमाणित वजनं घेऊन आले. आधी दुकानाचा काटा तपासला, त्यावरचा पडताळणीचा शिक्का पाहिला, मग सीलबंद पिशव्या तोलल्या. माझ्या हातातली फोडलेली पिशवी त्यांच्या काहीच कामाची नव्हती. तेव्हा पावती जपा आणि जमलं तर त्याच बॅचची न फोडलेली पिशवी ठेवा.

निरीक्षकानं केलेला दंड मात्र सरकारजमा होतो. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मालासाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत २ वर्षं. २०१९ चा हा ग्राहक संरक्षण कायदा केंद्राचा, पण जिल्हा आणि राज्य आयोगांवर माणसं नेमायची राज्यांनी. या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून लक्ष घालावं लागलं. ग्राहकाचं खरं नुकसान इथे होतं, याचा मला फार राग येतो.

१९१५ ही हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, तडजोड घडवते. आदेश देत नाही. भेसळ असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन, विजेच्या बिलाला वेगळा मंच.

एक गोष्ट कलेक्टर कचेरीनं तुम्हाला सांगायला हवी होती. एखाद्या कंपनीचा माल सर्रास कमी भरत असेल, म्हणजे फटका अनेक ग्राहकांना बसत असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेच लेखी तक्रार देता येते. तीच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही देता येते.

तुमच्या जागी मी आधी वैधमापनशास्त्र कार्यालयात अर्ज देईन आणि पोच घेईन. निरीक्षकाच्या तपासणीचे कागद पुढे आयोगासमोर पुरावा म्हणून लावता येतील.