सगळ्यांनाच आवडतं, असं तुला कुणी सांगितलं?

"मॅडम, नाही म्हटलं तर ग्रुप सुटेल." विद्यापीठातल्या मुलामुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या पुढचं वाक्यही मला आता आधीच कळतं: "सगळेच पितात." म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलाबरोबर झालेल्या अनेक भेटींतलं थोडं इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो दुसऱ्या वर्षाला होता. आठवडाभर थेंबही नाही, पण शनिवारी दोन तासांत पाच-सहा पेग. यकृत तासाला साधारण एकच छोटा पेग पचवतं, बाकीची दारू रक्तात फिरत राहते. एका रविवारी जाग आली तेव्हा आदल्या रात्रीचं काहीच आठवेना. घाबरून माझ्याकडे आला.

"मला व्यसन लागलंय का?"

"एकटा असताना पितोस? सुटीत घरी?"

"कधीच नाही. आठवणसुद्धा येत नाही."

तिथून मी दारूचा विषय सोडला आणि शनिवारी त्याचा ग्रुप जिथे प्यायला बसायचा, त्या खोलीबद्दल विचारू लागले. कोण कुठे बसतं, ग्लास कोण भरतं? ग्लास कधी रिकामा होऊच देत नसत, त्यामुळे आपण किती प्यालो हे त्याला मोजताच येत नव्हतं.

"आठ जणांपैकी किती जणांना मनापासून इतकी प्यायची असते?"

"सात. मी सोडून सगळ्यांना."

"त्यांना विचारलंस?"

तो बराच वेळ गप्प बसला. मी म्हटलं, "एकालाच विचार. ग्लास हातात नसताना."

तीन आठवड्यांनी आला. त्याने रूममेटला विचारलं होतं. "तो म्हणाला, मी तुझ्यासाठी पितो, तुला एकटं वाटू नये म्हणून." हे सांगताना आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. "मॅडम, दीड वर्ष आम्ही एकमेकांसाठी ओकत होतो!"

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. इच्छाशक्तीवर व्याख्यान देणं मी कधीच सोडून दिलंय, ते अशा मुलांमुळेच. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबद्दल हेच मांडलं: दारूबद्दल आपण अवघडलेले आहोत, बाकीचे मात्र निवांत आहेत, असं ज्याला त्याला वाटत होतं. त्याआधी, 1951 मध्ये, मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅश यांच्या प्रयोगात गटाच्या चुकीच्या उत्तराला माणसं होकार देत होती. पण एक जरी सोबती खरं बोलला, तर तो होकार झपाट्याने कमी व्हायचा. म्हणून मी मुलांना सांगते, सगळा ग्रुप बदलायला जाऊ नका, एक सोबती शोधा. नकाराचं कारण देऊ नका, कारण दिलं की वाद सुरू होतो. ग्लास अर्धा असताना दुसऱ्याला भरू देऊ नका.

आणि कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर त्याला कुशीवर वळवा, लगेच वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका. कॉफीने किंवा गार पाण्याने दारू उतरत नाही. रोज पिणाऱ्याचे हात दारूवाचून थरथरत असतील, तर गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये.

पुढच्या शनिवारी दोघांनी ठरवून एकेकच पेग घेतला. तासाभराने तिसरा हळूच म्हणाला, "मलाही आता नको." एका मित्राने मात्र त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या या मुलाला बोलावणं बंद केलं. ते त्याला फार लागलं. आमच्या पुढच्या दोन भेटी त्या मित्राबद्दल बोलण्यातच गेल्या.