बारावीनंतर लगेच पाच वर्षांचं लॉ घ्यावं, की आधी बीए करून मग तीन वर्षांचं?

तुझी बारावी आर्ट्स झाली, शाळा मराठी माध्यमाची आणि घरचे म्हणतायत, "आधी बीए कर, मग लॉचं बघू." माझं मत, लगेच घे. बीए करून गेलीस तर एक वर्ष जास्त जातं, आणि "मग बघू" म्हणणाऱ्यांना तुझं लग्न ठरवायला तीन वर्षं मिळतात.

मलाही हेच सांगितलं होतं, माझ्या मामांनी. "पोरीला वकिली शिकवून काय कोर्टात भांडायला पाठवणार?" आईने ऐकलं नाही, मी पाच वर्षांच्या कोर्सला गेले.

चौथ्या वर्षाला असताना आजोबा गेले. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही. सातबाऱ्याला वारस म्हणून मामा, आई, मावशी अशी तिघांची नावं लागली. मग मामा शंभराचा स्टॅम्प घेऊन घरी आले. "नुसती सही लागते, तलाठ्याकडे द्यायची आहे." दोघी बहिणींनी सह्या केल्या. तो कागद हक्कसोडाचा, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा होता. नोटरी केलेला, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नाही. पुढे तलाठ्याकडून फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची नोटीस आली तेव्हा तो माझ्या हातात पडला.

मालमत्ता हस्तांतरण कायदा आम्हाला त्याच वर्षी होता, त्यामुळे नोंदणी कायद्याचं कलम १७ डोक्यात ताजं होतं. स्थावरातला हक्क असा सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. नोटरीच्या शिक्क्यावर हक्क सुटत नाही. पंधरा दिवसांत हरकत घ्यायची होती. अर्ज मी मराठीत लिहिला, आईने सही केली. माझ्याकडे वकिलीची सनद नव्हती, म्हणून मंडळ अधिकाऱ्यांसमोर आईच उभी राहून बोलली. मामा म्हणाले, "मुलींना हक्क २००५ नंतर आला, आमची जमीन त्याआधीची." साफ चूक! वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. २००५ चा बदल वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काचा. नोंद रद्द झाली.

बीए करून गेले असते तर त्या वेळी मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला असते आणि तो कागद वाचून बाजूला ठेवला असता. मामा अजून आईशी बोलत नाहीत. नातेवाईक म्हणतात, पोरीच्या शिक्षणाने भाऊ-बहीण तुटले. माझं ठाम म्हणणं आहे की बहिणीला न सांगता तिची सही घेतली, तिथेच तुटले.

मराठी माध्यमाची काळजी करू नकोस. लॉ प्रवेशाची राज्याची सीईटी मराठीतूनही असते आणि तिला निगेटिव्ह मार्किंग नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, क्लॅट, मात्र फक्त इंग्रजीत. तालुका-जिल्हा कोर्टात मराठी चालते, हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. निकालपत्रं इंग्रजीत वाचावी लागतातच, तेव्हा पहिल्या वर्षापासून कायद्याचा मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट रोज उघड. फौजदारीची पुस्तकं जुनी विकत घेऊ नकोस, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे.

आता हेही सांगते. सुरुवातीची दोन वर्षं बरीचशी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांतच जातात. मधेच सोडलं तर हातात काय पडतं, ते प्रवेशाआधी कॉलेजात विचार. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस लागते. ज्युनिअर म्हणून सुरुवातीला मिळणाऱ्या पैशात शहरातली खोलीही भागत नाही. घरात कमाईची लगेच गरज असेल तर आधी बीए, सोबत नोकरी, आणि मग लॉ हे बरोबर ठरेल. पण तेच कारण असेल तर घरच्यांनी तुला खर्चाचा कागद समोर ठेवून सांगावं. "मुलीला वकिली कशाला" एवढंच म्हणत असतील तर सीईटीचा फॉर्म भर, आणि आजोळच्या जमिनीचा सातबाराही एकदा काढून बघ.