विश्रामबाग चौक संगणकावर मांडण्याआधी

चौकातली वाहतूक संगणकावर चालवून बघायची, तर अख्खी सांगली एकदम उभी करायला जाऊ नकोस. आधी नागेल-श्रेकेनबर्गचं १९९२ चं वाहतुकीचं साधं मॉडेल स्वतःच्या हाताने लिही. रस्त्याचे ७.५ मीटरचे तुकडे, एका तुकड्यात फार तर एक गाडी. वेग वाढवायचा, पुढची गाडी जवळ असेल तर कमी करायचा, अधूनमधून विनाकारण थोडं मंद व्हायचं, मग पुढे सरकायचं. त्या विनाकारण मंद होण्यातच कोंडीचं बी आहे. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या फिरवल्या (निबंध २००८ चा). सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी कोंडी झालीच आणि ती मागे मागे सरकत गेली. फार सुंदर प्रयोग आहे तो!

मग 'सुमो' हे वाहतुकीची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. त्यात मुळात एका लेनमध्ये गाड्या एकामागे एकच चालतात. आपल्याकडे लाल दिव्याला दुचाक्या फटीफटीतून पुढे येतात, म्हणून एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी शेजारी चालू देणारं त्यातलं सबलेन मॉडेल चालू करच. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर हा वेगळा वाहनप्रकार धर: लांबी जास्त, उचल अगदी कमी. तो रांगेत पुढे असला तर हिरवा दिवा निम्मा त्याच्यातच जातो.

चौकात नुसत्या गाड्या मोजू नकोस, हिरवा लागल्यावर रांग किती सेकंदांत सुटते तेही टिपून ठेव. एका दिवसाच्या आकड्यांवर मॉडेल जुळव, तपास मात्र दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांवर. आणि सीड (यादृच्छिक आकडे कुठून सुरू होतात ते ठरवणारा अंक) बदलून मॉडेल बरेचदा चालव; एका रनवरून सिग्नलची वेळ बदला असं कुणालाही सांगू नकोस.