पट्टे दिसले म्हणून स्ट्रोमॅटोलाइट नव्हे

स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून झालेला पट्टेदार दगड. दख्खनच्या बेसाल्टमधल्या अगेटलाही (अकीक) सुरेख पट्टे असतात, पण ते पोकळीत सिलिका साचून झालेले. तिथे सूक्ष्मजीव शोधू नका. सुरुवात चित्तोडगडजवळच्या भोजुंद्यापासून करा. चुनखडीच्या आडव्या छेदात एकात एक बसलेली वर्तुळं दिसतात, उभ्या छेदात वर फुगलेले घुमट. दोन्ही छेद पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. मग १० पटीचं भिंग लावा: थर माथ्यावर जाड, उतारावर पातळ होतात का? सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उजेडावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, चिकट थर गाळ अडकवत उजेडाकडे वाढायचा, म्हणून थर असे असमान. वलयं चहूबाजूंनी बंद असतील तर तो ऑन्कोलाइट, म्हणजे तशाच थरांचा, पण लोळत वाढलेला गोळा.

खरी फसगत घड्यांमुळे, म्हणजे दाबाने वाकलेल्या खडकांमुळे होते. वरचे-खालचे सगळेच थर सारखे वाकलेत? मग आधी घडीचा संशय घ्या. ग्रीनलंडच्या ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या आकारांबद्दल ते स्ट्रोमॅटोलाइट असल्याचा दावा २०१६ मध्ये झाला, २०१८ मध्ये नेमका हाच आक्षेप आला.

१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला दगड) मात्र खरवडून भुकटी केल्यावरच. आम्लाने दगड कळतो, जीव नाही. भोजुंदा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे आम्ल आणि हातोडा दोन्ही पिशवीतच ठेवा.