‘ग्रिप’ म्हणजे दर वेळी पकड नव्हे

दारव्ह्याकडच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे : मुलांना इंग्रजी वाक्यांत ‘ग्रिप’ हा शब्द तीन ठिकाणी भेटला. एकदा बॅटच्या दांड्याला, एकदा थंडीच्या लाटेला, एकदा बीजगणित उत्तम येणाऱ्या मुलीला. मुलं सगळीकडे ‘पकड’ लिहितात. बरोबर धरायचं का?

सर, गणिताच्या वाक्यात नक्की धरा. ‘तिची बीजगणितावर पकड आहे’ हे चोख मराठी आहे. बॅटच्या दांड्यावर चढवतात ते रबर ग्रिपच; खेड्यातलं पोरगंही दुकानात ग्रिपच मागतं, तिथे नवा शब्द घडवत बसू नये. थंडीच्या वाक्यात मात्र पकड खटकते, आणि का खटकते ते मुलांना जरूर सांगा.

इंग्रजीत मी धरलं तरी ग्रिप, मला धरलं तरी ग्रिप. मराठी तिथे वाट बदलते. धरणारे आपण असलो की पकड, मूठ, मांड. आपणच सापडलो की तावडी, कचाटा, विळखा. हे शब्दही एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत. तावडी शिकार करणाऱ्याची : बिबट्याच्या तावडीतून वासरू सुटलं. दोन्हीकडून कोंडी झाली की कचाटा : दुबार पेरणी आणि थकलेलं पीककर्ज यांच्या कचाट्यात माणूस सापडतो. विळखा सापाचा, आवळत जाणारा, म्हणून सावकाराच्या व्याजाला तोच लागू पडतो. बातम्यांत ‘थंडीच्या विळख्यात जिल्हा’ असं छापतात. चूक नाही, पण मला ‘जिल्हा गारठला’ अधिक आवडतं. तापाचंही तसंच, ‘तापानं घेरलं’ म्हटलं की झालं.

कबड्डीत तर पकड हा डावाचाच शब्द : घोट्याची पकड, कमरेची पकड. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. वर्गात हे उदाहरण द्या, मुलं कान टवकारतील.

पण ग्रिपमधला ‘ताबा’ हा अर्थ समजवायचा असेल, तर तिफनीकडे, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या अवजाराकडे वळा. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यासारख्या तोंडावर, मूठ धरणं हे कसबाचं काम. मुठीतलं बी बोटांच्या फटीतून चाड्यात सुटतं, तिथून नळ्यांतून तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत पडतं. मूठ जास्त आवळली की तासात खाडे पडतात, सैल सोडली की बी दाट पडून पुढे विरळणीचं काम वाढतं. बैलांच्या चालीशी जुळवून सारखं सोडत राहायचं. ‘मूठ कोन धरते?’ हा प्रश्न म्हणूनच पेरणीच्या आधी विचारला जातो. घट्ट धरणं आणि नेमकं सोडणं, दोन्ही त्या एका शब्दात आहे. ‘परिस्थितीवर ग्रिप असणं’ म्हणतात ते हेच. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं हे काम बरंच कमी केलं, तरी शब्द जपावा असं मला मनापासून वाटतं.

बाकीचे अर्थ थोडक्यात. घाबरलेल्याला इंग्रजीत ‘गेट अ ग्रिप’ म्हणतात. आपण ‘सावर स्वतःला’ म्हणू. गोष्टीला ‘ग्रिपिंग’ म्हटलं असेल तर खिळवून ठेवणारी. टायरची ग्रिप तशीच राहू द्या. काळ्या मातीच्या चिखलात गाडी घसरली की सगळेच ‘ग्रिप रायली नाई’ म्हणतात. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतला ‘ग्रिप’ म्हणजे कॅमेऱ्याची ट्रॉली, रूळ, क्रेन सांभाळणारा कामगार.

आणि घरोघरी माहीत असलेलं ग्राइप वॉटर. विल्यम वुडवर्ड यांनी ते १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला तयार केलं. ग्राइप हे ग्रिपचंच भावंड. मूळ अर्थ आवळून धरणं, त्यावरून पोटात आवळून येणारी कळ. आपणही पोटात पीळ पडला म्हणतो. आजच्या इंग्रजीत मात्र ‘ग्राइप’ बहुधा कुरकुर करणं या अर्थानं भेटेल, तेव्हा वाक्य पाहूनच अर्थ लावायला सांगा.